कॉम्प्रेसरमधला खालचा सूर

मामा, परवा तुमचा जलदान विधी झाला. वडगावच्या विहारात माणूस मावत नव्हता. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग तुमच्या सुजातानं माइक हातात घेतला. "आबांबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला," म्हणाली. तुमच्या दुकानाशेजारचा सलूनवाला बोलला. तिच्या वारणानगरच्या शाळेतले एक गुरुजी बोलले. मग तिची नजर माझ्यावर आली. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, "कांबळेमामा फार मोठ्या मनाचे होते" एवढंच म्हणालो आणि हात जोडून जागेवर येऊन बसलो.

मोठ्या मनाचे! लाज वाटायला हवी होती मला. त्या मनाला तेरा वर्षं काय सोसावं लागलं आणि ते कुणामुळं, हे सांगायला मी तिथं गेलो होतो. खिशात कागद होता, त्यावर सगळं लिहिलेलं होतं. पण समोर एवढी माणसं बघितली आणि मी मूग गिळून बसलो. चौकशीच्या वेळी बसलो होतो, तसाच.

म्हणून आता इथं लिहितोय. तुम्हाला पाल्हाळ आवडायचं नाही, "मुद्द्याचं बोला की सायेब" म्हणायचात. पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्यालाही कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तेवढं ऐकून घ्या.

नव्वदीची सुरुवात होती. मी एमआयडीसीतल्या आपल्या फौंड्रीत मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो. डिग्री ताजी होती, अक्कल यायची होती. त्याच वर्षी फौंड्रीत नवा सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर बसला. आधीचं पिस्टनचं धडधडणारं धूड तुम्ही पंधरा वर्षं सांभाळलं होतं, म्हणून हाही तुमच्याकडंच आला. तुम्ही लिहायला शिकलात ते रात्रशाळेत, आणि मशीन शिकलात ते हात लावून. मी पहिल्या दिवशी कॉम्प्रेसर रूममध्ये आलो तेव्हा तुम्ही हवा ओढणाऱ्या जाड पाइपवर तळवा टेकवून उभे होतात. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मला हसू आलं होतं.

या मशीनच्या आत एक पंखा असतो. पुस्तकात त्याला इंपेलर म्हणतात, आपण पंखाच म्हणायचो. तो भयंकर वेगानं फिरतो, मधून हवा ओढतो आणि कडेला फेकतो. त्या फेकलेल्या हवेचा वेग पुढच्या वाटांत कमी होतो आणि तिचा दाब वाढतो. त्या दाबावर साच्यांची यंत्रं, छिन्न्या, ग्राइंडर, सगळं चालायचं. हवा खपत असेल तोवर मशीन सुखात. पण साडेबाराचा भोंगा झाला की तीनशे माणसं एकदम जेवायला उठायची, यंत्रं एकदम थांबायची, आणि पंख्यानं फेकलेल्या हवेला जायला जागाच उरायची नाही.

त्यावर तुमचा उपाय साधा होता. छपराबाहेर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह तुम्ही हातानं थोडा उघडायचात. अर्धा तास हवा फुस्स करत आभाळात जायची. सुट्टी संपली, यंत्रं सुरू झाली की व्हॉल्व्ह बंद. कुणी शिकवलं नव्हतं तुम्हाला हे. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मशिनला वाट पायजे की. तोंड दाबून कुणाला पळवत्यात व्हय?"

त्यामुळं जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला मशीन सोडून कँटीनला जाता यायचं नाही. आणि तुम्ही एकटे जेवू नये म्हणून फिटर बाबूराव आपला डबा घेऊन तुमच्याकडं यायचे. दोघं एकाच गावचे. ते पाटलांच्या आळीतले, तुम्ही बुद्धविहारामागचे. एकाच एम-एटी मोपेडवर यायचात, तिच्यावरच जायचात. त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी आणि मामींचं बोंबलाचं सुकं, मधे एकच डबा. गावच्या पंगतीत जे त्या काळी दिसलं नसतं ते त्या खोलीत रोज दिसायचं. आवाजामुळं बोलता यायचं नाही, म्हणून तुम्ही खाणाखुणांनी भांडायचात. कुठला पैलवान कुणाला चितपट करणार, यावर. मी एकदा दारातून बघितलं, बाबूराव हातातली भाकरी खाली ठेवून तुम्हाला ढाक डाव करून दाखवत होते.

आणि मग मी शहाणपणा केला.

ती वाया जाणारी हवा मला बघवेना. हवा म्हणजे वीज. मी आलेख काढला. त्यात एक रेघ होती, सर्जची. हवा फारच कमी झाली की पंख्यातून ती उलट फिरते, मोठा दणका बसतो, त्याला सर्ज म्हणतात. मी म्हटलं, आपण त्या रेघेच्या अलीकडंच आहोत, दणका बसणार नाही, मग हवा कशाला सोडायची? मीटिंगमध्ये मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी दुसऱ्या दिवशी त्या व्हॉल्व्हला साखळी लावून कुलूप घातलं. लेखी ऑर्डर काढली: व्हॉल्व्ह बंद राहील, किल्ली मेंटेनन्स ऑफिसात राहील. खाली माझी सही. पहिल्यांदा माझ्या सहीनं फौंड्रीत काहीतरी बदललं होतं, आणि मी दिवसभर हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला बोलावून घेतलंत. हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर दिलात. टोक मशीनच्या अंगाला लावलंत आणि मूठ माझ्या कानाला. कानाशी तोंड आणून ओरडलात, "ऐका. वरचा सूर पंख्याचा. खालचा कुणाचा?"

मी म्हटलं, "कसला खालचा?"

"आत कायतरी फिरतंय, सायेब. पंख्याच्या मागनं फिरतंय. पंख्यापरास सावकाश. व्हॉल उघडा हुता तवा ह्यो आवाज न्हवता."

"मामा, चारी बाजूंनी बंद मशीनच्या आत पंख्याशिवाय दुसरं कोण फिरणार? भूत?"

तुम्ही स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुन्हा माझ्या कानाला लावलीत. "मग ऐकू येतंय का न्हाय, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "मला तर काही ऐकू येत नाही."

मामा, आज सांगतो. मला तो ऐकू आला होता. पंख्याची बारीक शिट्टी आणि तिच्या खाली एक जाडसर, घुमणारा सूर, अगदी स्पष्ट. गेजचा काटा स्थिर होता, दाब बरोबर होता, माझ्या आलेखात त्या सुराला कुठंच जागा नव्हती. जे आलेखात नाही ते आहे म्हणायचं तर कुलूप काढावं लागलं असतं, आणि थोपटलेली पाठ आठवत होती. म्हणून मी ऐकू येत नाही म्हणालो. हे मी तुम्हाला नंतर दुकानात बसूनही कधी सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट लपवून बाकी सगळं कबूल केलं. तुम्ही समजून बसलात की साहेबाचा कान कच्चा.

पुढं सात-आठ महिने तुम्ही लॉगबुकात रोज लिहीत राहिलात, "जेवणाच्या सुट्टीत खालचा आवाज." मी बोलावून सांगितलं, रिमार्कच्या जागी गोष्टी लिहायच्या नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलंत, अक्षर मात्र थोडं मोठं काढलंत. तुमचा हट्ट मला माहीत होता. रागावलो, पण लॉगबुकावर सही करत गेलो.

त्या दिवशी साडेबाराला भोंगा झाला. पाच मिनिटांत तुम्ही धापा टाकत माझ्या ऑफिसात आलात. मी डबा उघडून बसलो होतो.

"सायेब, किल्ली द्या. आज लई घुमतंय. पाय ठरंना जमिनीवर."

"मामा, जेवण झाल्यावर येतो मी बघायला."

"जेवान मागनं करा. किल्ली द्या नुसती, मी जातो."

"सांगितलं ना येतो म्हणून."

तुम्ही दारात उभे राहिलात. तुम्ही हलत नव्हता आणि मी घास तोडत होतो. तेवढ्यात आवाज झाला. खिडकीच्या काचा पडल्या.

पंख्याचं एक पातं तुटलं होतं. तोल गेलेल्या पंख्यानं बेअरिंग फोडलं, मोटर आणि पंख्याला जोडणारं कपलिंग उधळलं आणि त्यावरचं लोखंडी झाकण खोलीत उडालं. खोलीत एकटे बाबूराव होते, डबा सोडून तुमची वाट बघत. तुम्ही माझ्यापुढं धावलात. मी पोचलो तेव्हा तुम्ही डोक्याचा टॉवेल काढून त्यांच्या उजव्या हाताला गुंडाळत होता. अंगठा राहिला होता. बाकीची चार बोटं गेली होती. फिटरचा उजवा हात.

संध्याकाळपर्यंत वर्क्स मॅनेजरनं कुलूप काढून टाकलं होतं. फाइलमधून माझी ऑर्डर गेली, लॉगबुकं गेली. मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. म्हणाले, "तुझं नाव कुठं येणार नाही, एवढं मी बघतो. तू फक्त मधे बोलू नकोस." टाइप केलेला अहवाल समोर होता. त्यात लिहिलं होतं: ऑपरेटर जागा सोडून गेला, व्हॉल्व्ह उघडण्याची जबाबदारी त्याची होती, त्यानं तो उघडला नाही, हलगर्जीपणा. मामा, तुम्ही जागा सोडून गेला होता ते माझ्याकडं किल्ली मागायला. व्हॉल्व्ह उघडला नव्हता तो माझं कुलूप होतं म्हणून. प्रत्येक वाक्य खरं वाटत होतं आणि अख्खा कागद खोटा होता. मी सही केली.

शिवाय मी ते तुटलेलं पातं बघितलं होतं. तुटलेल्या जागी बारीक बारीक रेघा होत्या, एकीपुढं एक. धातू एका दणक्यात तुटला की अशा रेघा नसतात. तो महिनोन्महिने थोडा थोडा चिरत गेला की असतात. फौंड्रीतल्या कुणालाही हे कळलं असतं. तरी सही केली.

चौकशीला टेबलामागं आम्ही तिघं होतो. तिघांतल्या कुणीही तुमच्या वस्तीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तुमचं आडनाव वाचून एकानं मान हलवली, म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. अर्थ मलाही कळला होता, खोटं कशाला बोलू. तुम्हाला विचारलं, काही सांगायचंय का. तुम्ही माझ्याकडं बोट न दाखवता, नुसतं बघून म्हणालात, "सायबास्नी इचारा. त्यास्नी समदं ठावं हाय." ते दोघं माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मला काही जोडायचं नाही."

तुम्हाला कामावरून काढलं. पण तुम्हाला लागलं ते काम गेल्याचं नव्हे. अहवालाची एक प्रत मॅनेजर स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि बाबूरावांना वाचून दाखवली. संध्याकाळी तुम्ही मटणाचा रस्सा घेऊन गेलात तर बाबूराव भिंतीकडं तोंड करून झोपले. तुम्ही सगळं सांगितलंत, किल्लीचं, कुलपाचं. ते म्हणाले, "कागदावर सायबाची सही हाय, यशवंता. सायेब कशाला खोटं लिवंल?" त्यानंतर ते तुमच्याशी कधी बोलले नाहीत. वर्षभरात घर सोडून जयसिंगपूरला मुलाकडं राहायला गेले. जाताना तुमच्या दारावरून गेले, थांबले नाहीत.

दोन वर्षांनी मी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो. एक म्हातारे प्राध्यापक फळ्यावर पंख्याचं चित्र काढत होते. सांगत होते की हवा कमी झाली की पात्यांमधल्या सगळ्या वाटा एकदम बंद पडत नाहीत. आधी एक-दोन वाटांत हवा अडते. आणि तो अडथळा एका जागी थांबत नाही, एका वाटेतून शेजारच्या वाटेत सरकत सरकत गोल फिरतो. पंख्याच्याच दिशेनं, पण पंख्यापेक्षा सावकाश. याला रोटेटिंग स्टॉल म्हणतात. सर्जच्या किती तरी आधी येतो. गेजवर दिसत नाही. पण प्रत्येक फेरीला प्रत्येक पात्यावर एकदा भार येतो, एकदा जातो, आणि पातं शिणून चिरतं. मग ते म्हणाले, "जुन्या ऑपरेटरांना तो ऐकू येतो, मूळ आवाजाच्या खाली एक जाड सूर." मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यात नळाखाली डोकं धरलं.

तरी तुमच्याकडं यायला मला आणखी बरीच वर्षं लागली. धाडस म्हणजे काय चीज असते ते माझ्याकडं बघून कुणी शिकू नये. फौंड्री सोडली, स्वतःचा सल्ल्याचा धंदा सुरू केला, मॅनेजरची भीती उरली नाही, तेव्हा कुठं एका दुपारी वडगावच्या स्टँडजवळ तुमच्या दुकानापुढं गाडी लावली. टायरमध्ये हवा भरायचं दुकान! तुम्ही मला ओळखलंत, स्टूल पुढं सरकवलंत आणि कोपऱ्यातला छोटा पिस्टनचा कॉम्प्रेसर दाखवून म्हणालात, "हिच्यात लपवाछपवी न्हाय. ढकलली की ढकलली."

मी रोटेटिंग स्टॉल सांगायला लागलो. एक जुना टायर आडवा टाकून त्यावर खडूनं वाटा काढल्या. अडथळा कसा सरकतो ते मला धड सांगता येईना. तुम्ही खडू माझ्या हातातून घेतलात.

"थांबा. खासबागला कुस्त्या सुटल्यावर बगितलंय न्हवं? गोल मैदान, चौफेर दारं. एका दारात माणसं आडली की मागची शेजारच्या दारात घुसत्यात. मग त्ये दार तुंबतं, पयलं मोकळं हुतं. त्येच्यातली पुन्ना पुढच्या दारात. तुंबारा आसा गोल फिरत ऱ्हातो. ह्येच न्हवं?"

हेच, मामा. मी बारा पानं वाचून जे सांगू शकलो नव्हतो ते हेच. तुम्ही टायरभोवती बोट फिरवत राहिलात. मग हळूच विचारलंत, "म्हंजे मी खुळा न्हवतो?"

"नाही मामा."

"लोक म्हणायचं, यशवंताच्या कानात खूळ शिरलंय. आमच्या हिलाबी वाटायचं." तुमचे डोळे भरले. मला वाटलं, आता मला माफ कराल. पण तुम्ही एकदम भडकलात, आणि बरं केलंत. "तुमी शिकल्याली माणसं! तुमास्नी आवाज ऐकाय पुस्तक लागतं व्हय? समोर मशीन वरडत हुतं की! बाबूचा हात गेला, सायेब. त्यो कानस मारायला लागला की लोखंड लोण्यासारखं निघायचं."

मी म्हटलं, आपण कोर्टात जाऊ, मी लिहून देतो, सगळं वर काढू. तुम्ही हात झटकलात.

"कोर्टाचं सोडा. नोकरीबी सोडा. मला एकच पायजे. तुमी बाबूला जाऊन सांगा. माझं त्यो ऐकत न्हाय. तुमच्या सहीनं गेलाय, तुमच्याच तोंडानं परत येईल."

मी हो म्हणालो. तुमच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

त्यानंतर पाच वर्षं मी तुमच्या दुकानात येत राहिलो आणि जयसिंगपूरला गेलो नाही. वडगावहून तासाभराचा रस्ता. कामासाठी शिरोळच्या बाजूला कितीदा गेलो, जयसिंगपूरच्या रेल्वे फाटकात गाडी थांबायची, आणि मी काच वर करायचो. तुम्ही आधी विचारायचात, "गेलतासा का?" मी सबब सांगायचो. मग नुसतं भुवया उंचावून विचारायला लागलात. मग तेही थांबलं. तुम्ही मला चहा पाजायचात, नव्या मशिनींचं विचारायचात, कुठल्या कारखान्यात कुठला आवाज आला ते ऐकून निदान सांगायचात. आज मी पोट भरतो ते तुमच्या कानावर. कुठंही गेलो तरी आधी ऑपरेटरला विचारतो, "तुम्हाला काय ऐकू येतंय?" गेज नंतर बघतो. यातून किती पाती वाचली असतील, कुणाचे हात वाचले असतील, देव जाणे. तुम्हाला देव मान्य नव्हता, माहीत आहे. सवयीनं लिहिलं गेलं.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. बोलायला त्रास व्हायचा. तुम्ही बोटानं छताच्या पंख्याकडं दाखवून म्हणालात, "बेअरिंग गेलंय त्येचं. नर्सला सांगा." मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात नक्की जयसिंगपूरला जातो, असंही तुम्हाला म्हणालो. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. झोपलात की ऐकून मिटलेत, कळलं नाही. चौथ्या दिवशी सुजाताचा फोन आला.

आणि परवा विहारात मी पुन्हा गप्प बसलो. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तिला सगळं सांगितलं. तिलाही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. ती म्हणाली, "आता कुणासाठी थांबलायत?"

काल सकाळी जयसिंगपूरला गेलो.

बाबूराव मुलाच्या घराच्या पायरीवर उन्हाला बसले होते. डाव्या हातानं शेंगा फोडत होते, उजवा पंच्याखाली. मला ओळखलं नाही. "या पावणं, कुणाकडं?" म्हणाले. मी नाव सांगितलं, फौंड्रीचं नाव सांगितलं. सून आतून चहा घेऊन येत होती, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. कुलूप, ऑर्डर, लॉगबुक, किल्ली, सही. ऐकू आलेला सूरही सांगितला. जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

ते मधे एकदाच बोलले. "किल्ली तुमच्याजवळ हुती?"

"होय."

"आनी यशवंता ती मागाय गेलता?"

"होय. मी जेवत होतो."

मला वाटलं ते ओरडतील, अंगावर धावून येतील. तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी फोडलेल्या शेंगा सुपात सारल्या, टरफलं वेगळी केली. डाव्या हातानं, सावकाश. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "यशवंता गेला म्हणं."

"होय. काल जलदान झालं."

"गेल्या म्हैन्यात सुजी आलती हितं. पोर एष्टीनं आलती. म्हणाली, काका, आबांचं काय खरं न्हाय, एकदा येऊन तोंड दावून जावा. म्या तिला घरात घेटलं न्हाय. दारातनंच सांगितलं, तुझ्या बा ला जाऊन सांग, बाबू तवाच मेला म्हणून."

 मग पंच्याखालचा हात बाहेर काढून त्यांनी माझी बाही त्या एका अंगठ्यानं धरायचा प्रयत्न केला. धरता येईना.

"तिनं सांगितलं आसंल का वो त्याला?"